कोंबडीच्या पोटातली चरबी

 

मागच्या भागात आपण विष्णु नारायण भातखंडे यांच्याबद्दल बोललो. मुंबईचा हा माणूस 1926 साली लखनौला येऊन संगीताचं कॉलेज उभं करतो, आणि आज शंभर वर्षांनीही या शहरात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. मुलूख सोडून गेलेली मराठी माणसं आणि त्यांनी सोबत काय नेलं, हा आपल्या या मालिकेचा विषय. भातखंड्यांनी सोबत वह्या नेल्या, बंदिशी नेल्या. आजचा आपला माणूस मुंबईहून अमेरिकेला गेला तो एक प्रश्न घेऊन. प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे: लठ्ठपणा हा संसर्गानं होऊ शकतो का? म्हणजे सर्दी होते, कावीळ होते, तसा एखाद्या विषाणूमुळे माणूस जाड होऊ शकतो का?

हसू नका. मीही आधी हसलोच होतो.

आता फौजेतून निवृत्त झालेला माणूस हा विषय कशाला घेऊन बसला, असं तुम्हाला वाटेल. दोन कारणं आहेत. पहिलं कारण 2021 सालचं. इथे लखनौच्या छावणीत कोविशिल्डची लस घेतली. घरी बसून होतो, वेळ भरपूर होता, म्हणून दंडात नेमकं काय टोचलं ते वाचायला घेतलं. त्या लशीत चिंपांझीचा एक अ‍ॅडिनोव्हायरस वापरलेला असतो, शरीरात वाढू शकणार नाही असा निकामी केलेला. निरोप्या म्हणून त्याचा उपयोग. मग अ‍ॅडिनोव्हायरस म्हणजे काय ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता थेट मुंबईच्या परळला पोचलो. तिथे ही गोष्ट सापडली.

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे, आणि ते सांगायला मला जड जातं. पण गोष्ट सांगायची तर ते आधी सांगायला हवं.

एक हवालदार

1980 च्या दशकाच्या शेवटी मी कंपनी कमांडर होतो. कंपनीत सातारा जिल्ह्यातला एक हवालदार होता. नाव सांगत नाही. नेमबाजीत पहिला, नकाशावाचनात पक्का, पोरांना जीव लावणारा. एकच खोट: वजन. फौजेत उंचीप्रमाणे वजनाचा तक्ता असतो. तुम्ही त्या तक्त्याच्या पुष्कळ वर गेलात की वैद्यकीय श्रेणी खाली येते, आणि श्रेणी खाली आली की बढतीचं गाडं अडतं.

मी तेव्हा तिशीतला, स्वतः सडपातळ, आणि माझं मत ठाम होतं. माणूस जाड होतो कारण तो जास्त खातो आणि अंग चोरतो. दोन्ही गोष्टी सैनिकाला शोभत नाहीत. मी त्या हवालदाराला रोज पहाटे पाठीवर पिट्टू देऊन जादा पळवला. त्याचं वजन चार किलो उतरलं. मी खूश. पुढच्या तपासणीला पाच किलो परत. मी संतापलो. सगळ्या कंपनीसमोर त्याला म्हणालो, ज्याचा स्वतःच्या पोटावर ताबा नाही, तो प्लाटूनवर काय ठेवणार? आणि त्याच्या कागदावर शेरा लिहिला: इच्छाशक्तीचा अभाव.

तो काहीच बोलला नाही. फौजेत असं बोलायची पद्धत नसते. बढती न मिळता तो घरी गेला.

त्या शेऱ्याकडे आपण शेवटी परत येऊ. त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं ते आता बघू.

परळच्या कोंबड्या

मुंबईतलं परळ आपल्याला गिरणगाव म्हणून माहीत आहे. पण रोगजंतूंच्या इतिहासातही परळचं नाव मोठं आहे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमर हाफकिन यांनी 1897 च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1899 पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये थाटली गेली, तीच आजची हाफकिन संस्था. आणि परळलाच आहे 1886 साली सुरू झालेलं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज, मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय.

या महाविद्यालयात डॉ. एस. एम. अजिंक्य हे विकृतिशास्त्राचे अभ्यासक होते. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करून ते कशानं मेलं हे शोधणारं हे शास्त्र. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या पोल्ट्रीत एक साथ आली आणि हजारोंनी कोंबड्या मरू लागल्या. अजिंक्यांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. तो पक्ष्यांचा अ‍ॅडिनोव्हायरस होता. त्याला नाव मिळालं एसएमएएम-1. पहिली दोन अक्षरं बघा: अजिंक्यांच्या नावाचीच आद्याक्षरं.

आता मुंबईतल्याच दुसऱ्या एका घरात जाऊ. डॉ. विनोद धुरंधर लठ्ठपणावर उपचार करायचे. लठ्ठपणा हा डॉक्टरनं हाताळायचा आजार आहे, असं आपल्याकडे फारसं कुणाला वाटत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. त्यांचे चिरंजीव डॉ. निखिल धुरंधर यांनीही तोच मार्ग धरला. दवाखान्यात माणसं यायची, पथ्य पाळायची, वजन उतरवायची आणि काही महिन्यांनी होतं तेवढंच वजन घेऊन परत यायची. बरा झालेला रोगी तोच रोग घेऊन पुन्हा पुन्हा येत असेल, तर आपल्याला त्या रोगाचं मूळच कळलेलं नाही, हे कुठल्याही प्रामाणिक डॉक्टरला टोचणारच. निखिल धुरंधरांना ते टोचत होतं.

अजिंक्य हे धुरंधरांच्या घरोब्यातले. एकदा चहा घेताना ते आपल्या कोंबड्यांबद्दल सांगत होते. शवविच्छेदनात काय दिसतं त्याचं वर्णन चाललं होतं. थायमस ग्रंथी आक्रसलेली, यकृत आणि मूत्रपिंडं सुजलेली, आणि पोटात चरबी साठलेली.

निखिल धुरंधरांनी त्यांना तिथेच थांबवलं.

का थांबवलं ते समजून घ्या. आजारानं मेलेलं जनावर खंगलेलं असायला हवं. गोठ्यात दुखणाईत झालेली म्हैस कुणीही पाहिली असेल. चारा सोडते, बरगड्या दिसू लागतात. विषाणूच्या साथीत मेलेल्या कोंबडीच्या पोटात चरबी कशी काय? मग धुरंधरांनी उलटा प्रश्न विचारला: या विषाणूमुळेच त्या कोंबड्यांत चरबी साठत असेल का?

अजिंक्यांनी उत्तर दिलं की मला ठाऊक नाही, तूच शोधून काढ.

मंडळी, या उत्तरापाशी मी फार वेळ थांबलो. अजिंक्य हे त्या विषाणूचे शोधकर्ते. समोर बसलेला माणूस त्यांच्या मुलाच्या वयाचा, आणि तो व्हेटर्नरी डॉक्टरही नाही. काहीतरी बोलू नकोस, असं म्हणून विषय संपवणं सहज शक्य होतं. आमच्याकडे तर वरिष्ठ माणूस ‘मला ठाऊक नाही’ असं म्हणालेला मी क्वचितच ऐकला. मी स्वतः तर कधीच म्हणालो नाही.

तेच खाणं, तेवढंच वजन

धुरंधरांनी हा प्रश्न आपल्या पीएच.डी.च्या कामात घेतला. प्रयोगाची मांडणी आपल्यासारख्यालाही कळेल अशी आहे. निरोगी कोंबड्या घ्यायच्या. काहींना एसएमएएम-1 ची लागण करायची, काहींना करायची नाही. तुलनेसाठी काहींना कोंबड्यांचाच दुसरा एक अ‍ॅडिनोव्हायरस द्यायचा, म्हणजे कुठल्याही विषाणूनं असं होतं की याच विषाणूनं होतं ते कळेल. खाद्य सगळ्यांना सारखं. मग पोटं उघडून चरबी मोजायची.

1992 साली हा प्रयोग पशुवैद्यक सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. लेखकांची नावं वाचताना मराठी माणसाला बरं वाटतं: धुरंधर, कुलकर्णी, अजिंक्य, शेरीकर. एसएमएएम-1 ची लागण झालेल्या कोंबड्यांच्या पोटात बाकीच्यांपेक्षा निम्म्याहून जास्त चरबी भरली होती. खाणं तेवढंच. आणि तराजूवर वजनही जवळपास तेवढंच. फरक आत होता. आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. चरबी वाढली की रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढतं, असं आपण धरून चालतो. या कोंबड्यांत ते कमी झालं होतं. जणू रक्तातली चरबी उचलून कुणीतरी पोटातल्या कोठारात भरत होतं.

हे वाचताना मला पुण्याच्या एका संशोधनाची आठवण झाली. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, अगदी सारखं: 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. त्याचा विषाणूशी संबंध नाही, ती गोष्ट वेगळी आहे. मला सांगायचं ते एवढंच, की तराजू सगळं सांगत नाही. फौजेतला तक्ता तर अजिबात सांगत नाही.

कोंबड्यांचं झालं. माणसाचं काय? पक्ष्यांचा अ‍ॅडिनोव्हायरस माणसाला लागत नाही, अशीच समजूत होती. तरी धुरंधरांनी मुंबईत 52 लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं. एखाद्या विषाणूशी शरीराची झटापट झाली असेल, तर रक्तात त्याच्या अँटिबॉडी राहतात. लढाई संपल्यावर मैदानात काडतुसांच्या पुंगळ्या सापडाव्यात तशा. 52 पैकी 10 जणांच्या रक्तात एसएमएएम-1 च्या अँटिबॉडी सापडल्या. त्या दहा जणांचं सरासरी वजन 95 किलोच्या आसपास, बाकीच्यांचं 80 च्या आसपास. आणि कोंबड्यांप्रमाणेच त्यांचंही कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड कमी. हा निबंध 1997 साली प्रसिद्ध झाला.

दहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही. जाड माणसांनाच हा विषाणू लवकर लागत असेल, असंही असू शकतं. पण प्रश्न आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नव्हता.

साता समुद्रापार

चांगली चालती प्रॅक्टिस सोडून धुरंधर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेला गेले. इथून पुढचा रस्ता सोपा असेल असं वाटतं ना? तसं झालं नाही. विषाणूमुळे लठ्ठपणा येतो म्हणणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेत जागा कोण देणार? आधी नॉर्थ डकोटासारख्या थंडगार राज्यात त्यांनी वेगळ्याच विषयावर काम केलं. अखेर विस्कॉन्सिन विद्यापीठातले लठ्ठपणाचे अभ्यासक डॉ. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मॅडिसनला आपल्याकडे बोलावलं.

मग दुसरी भिंत. अमेरिकेच्या कृषी खात्यानं एसएमएएम-1 देशात आणायला परवानगी नाकारली. परदेशातला कोंबड्यांचा रोग आपल्या पोल्ट्रीत शिरला तर काय, ही भीती. सैनिक म्हणून मला त्यात काही चूक दिसत नाही, सीमा राखणाऱ्यानं असंच वागावं. पण ज्याची दहा वर्षांची मेहनत त्या एका बाटलीत आहे, त्याला काय वाटलं असेल?

मोर्चाचा रस्ता बंद झाला की आम्ही बगल शोधतो. धुरंधरांनी तेच केलं. अमेरिकेत तयार मिळणाऱ्या मानवी अ‍ॅडिनोव्हायरसांची यादी त्यांनी मागवली. तेव्हा असे सुमारे पन्नास प्रकार माहीत होते. त्यांतला त्यांनी निवडला छत्तिसावा, एडी-36. कारण असं, की त्याच्या अँटिबॉडी बाकीच्या प्रकारांच्या अँटिबॉडींशी गल्लत होण्यासारख्या नव्हत्या. शोध घ्यायला सोपा. जर्मनीत 1978 साली एका सहा वर्षांच्या मुलीच्या शौचातून तो वेगळा केलेला होता.

निवडीत थोडा भाग नशिबाचा होता. पन्नासांतला एक. आणि तो नेमका लागू पडला.

2000 साली निकाल जाहीर झाले: एडी-36 ची लागण झालेल्या कोंबड्या आणि उंदरांच्या शरीरात चरबी वाढली. पुढे 2002 मध्ये माकडांवरचे निकाल आले. मार्मोसेट जातीच्या माकडांना विषाणू दिल्यावर 28 आठवड्यांत त्यांचं वजन लागण न झालेल्या माकडांच्या तिप्पट वेगानं वाढलं. ऱ्हिसस माकडांच्या साठवून ठेवलेल्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा रक्तात अँटिबॉडी आणि वजनात वाढ यांची सांगड दिसली.

इथे एक अडचण आहे. माणसाला मुद्दाम विषाणू टोचून तो जाड होतो का हे बघता येत नाही, बघूही नये. मग काय करायचं? रक्त तपासायचं आणि हिशेब मांडायचा. 2005 साली अमेरिकेतल्या 502 जणांच्या तपासणीचा निकाल आला: लठ्ठ माणसांपैकी 30 टक्क्यांत एडी-36 च्या अँटिबॉडी, लठ्ठ नसलेल्यांत 11 टक्क्यांत. त्याच अभ्यासात जुळी भावंडंही होती. रक्त एक, घर एक, लहानपणीचं ताट एक. अशा जोडीतल्या एकाला लागण झालेली आणि दुसऱ्याला नाही, तर लागण झालेला थोडा जास्त जाड आढळला.

धुरंधरांनी या साऱ्या विषयाला इंग्रजीत ‘इन्फेक्टोबेसिटी’ असं नाव दिलं. आपण संसर्गजन्य स्थूलता म्हणू.

फौजेतला पुरावा

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हा भाग संपवला तर मी अप्रामाणिक ठरेन.

अ‍ॅडिनोव्हायरसचं आणि फौजेचं नातं जुनं आहे. हा विषाणू 1953 साली अमेरिकेत वॉलेस रो यांच्या गटाला लहान मुलांच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठींत सापडला, म्हणून त्याचं हे नाव. त्याच सुमाराला मॉरिस हिलमन यांना तो आजारी सैनिकांत सापडला. रंगरूटांच्या बराकीत शंभर पोरं एका छताखाली झोपतात. एक खोकला की आठवड्यात निम्मी बराक तापानं फणफणते. अमेरिकी फौजेत हा उपद्रव इतका होता, की 1971 पासून रंगरूटांना प्रकार 4 आणि 7 विरुद्धच्या लशीच्या गोळ्या देत. 1990 च्या दशकात त्या गोळ्या बनवणं बंद झालं, ताप परत आला, आणि 2011 मध्ये गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या.

मग एडी-36 चं काय? 2010 साली अमेरिकी सैनिकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे दीडशे लठ्ठ आणि दीडशे सडपातळ. निकाल: अँटिबॉडीचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं. लठ्ठपणाशी काही संबंध दिसला नाही. युरोपातल्या एका अभ्यासातही दिसला नाही. उलट त्याच 2010 साली सॅन डिएगोच्या 124 मुलांच्या अभ्यासात ठळक दिसला. अँटिबॉडी असलेली 19 मुलं, त्यांतली 15 लठ्ठ. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून जे हिशेब मांडले गेले, त्यांत एकंदर संबंध आहे असा कौल आला.

म्हणजे आज स्थिती काय? कोंबडी, उंदीर आणि माकडांत हा विषाणू चरबी वाढवतो. चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेतून मिळालेल्या माणसाच्या मूळ पेशींना त्याची लागण केली, तर त्यांतल्या जास्त पेशी चरबीच्या पेशी बनतात. हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण रस्त्यानं चालणाऱ्या एखाद्या जाड माणसाकडे बोट दाखवून, हा विषाणूमुळे असा झाला, असं कुणालाच म्हणता येत नाही. लठ्ठपणाच्या अनेक कारणांपैकी काही माणसांत हे एक असू शकतं, एवढंच म्हणता येतं. धुरंधरही याहून मोठा दावा करत नाहीत. तेव्हा मला व्हायरस झालाय म्हणून निहारी-कुलच्याची आणखी एक प्लेट मागवायची सोय यात नाही. तुंडे कबाबीच्या शहरात राहणाऱ्या माणसानं हे स्वतःलाच बजावून सांगायचं असतं.

आणि गंमत बघा. जो विषाणू चरबी वाढवतो, तोच रक्तातली साखर पेशींत शिरायला मदत करतो. त्याच्यातलं एक प्रथिन आहे, ई4ओआरएफ1. ते इन्सुलिनची वाट न बघता पेशींचं दार साखरेसाठी उघडतं. मधुमेहावर याचा उपयोग होईल का, या दिशेनं धुरंधरांनी लुइझियानातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रात आणि नंतर टेक्सस टेक विद्यापीठात काम केलं. औषध अजून हातात आलेलं नाही. पण चोराच्याच हातात घराची एक चांगली किल्ली निघावी तसं हे झालं. ज्यांना प्रयोगशाळेत जागा मिळत नव्हती, तेच धुरंधर पुढे अमेरिकेतल्या लठ्ठपणाच्या अभ्यासकांच्या संस्थेचे, ओबेसिटी सोसायटीचे, अध्यक्ष झाले.

असं याआधीही घडलेलं आहे. पोटातला अल्सर चिंतेनं आणि तिखट खाण्यानं होतो, असं आपले आईवडील सांगायचे, डॉक्टरही सांगायचे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 साली जिवाणूंचं पाणी स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं. तोच जिवाणू बहुतेक अल्सरांच्या मुळाशी आहे, हे जगाला पटायला वर्षं गेली. 2005 साली मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तोवर किती अल्सरवाल्यांना ‘तुम्ही फार काळजी करता हो’ हे ऐकून घ्यावं लागलं असेल!

शेरा

आता त्या शेऱ्याकडे.

माझ्या हवालदाराला एडी-36 झाला होता असं मी म्हणत नाही. कुणी त्याचं रक्त तपासलं नाही. थायरॉइड असेल, आनुवंशिक असेल, काहीही असेल. माझी चूक विषाणू माहीत नसण्याची नव्हती. तेव्हा त्याचा लठ्ठपणाशी संबंध कुणालाच माहीत नव्हता. माझी चूक ही, की ‘मला ठाऊक नाही’ म्हणायच्या जागी मी ‘इच्छाशक्तीचा अभाव’ असं लिहिलं. अजिंक्यांसमोर मेलेल्या कोंबडीच्या पोटातली चरबी आली, तेव्हा त्यांनी कोंबडीला आळशी म्हटलं नाही. मी माणसाला म्हटलं.

हा भाग तयार करत असताना जुन्या साथीदारांकडून त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. छत्तीसएक वर्षांनी. त्यानं आवाज लगेच ओळखला. “राम राम साहेब.” पाऊसपाण्याचं बोललो, सोयाबीनचं बोललो, नातवंडांचं झालं. मग मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, त्या वेळी मी तुला जे बोललो ते चुकलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “साहेब, मी दोन वर्षं रात्रीची चपाती सोडली होती. लंगरमध्ये सगळ्यांना माहीत होतं.”

“मला कुणी सांगितलं नाही रे.”

“तुम्ही विचारलं कुठं, साहेब?”

आवाजात राग नव्हता. सांगायचं म्हणून सांगितलं, इतकंच. मग त्यानं मला गावच्या जत्रेला यायचं निमंत्रण दिलं. मी जाणार आहे.

मंडळी, तुमच्या घरात, वर्गात, ऑफिसात कुणीतरी जाड असेलच. त्याला सल्ला द्यायच्या आधी एकदा विचारा, तू काय काय करून पाहिलंस? उत्तर ऐकायला वेळ काढा. आणि डॉक्टरकडे जायला त्याला लाज वाटणार नाही, एवढं बघा.

पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून राहा. जय हिंद.